दोन सायलेन्सर आणि एक डायनो: गोव्यातून गाडी मोजायला निघालेल्यांसाठी

माझी गाडी साधीच. स्विफ्ट, १.२ लिटर पेट्रोल, कंपनीच्या कागदावर ताकद ८३ पीएस आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ११३ न्यूटन-मीटर. पहिल्यांदा सायलेन्सर बदलला तेव्हा मी काहीही मोजलं नव्हतं. एका गॅरेजमध्ये अडीच इंची पाइप आणि 'फ्री फ्लो' म्हणून मिळणारा डबा घालून घेतला, चावी फिरवली, आणि शेजाऱ्यांचा कुत्रा कुंपणाखालून पळाला. मला वाटलं दहा घोडे तरी वाढले. पंधरा दिवसांनी चोर्ल्याचा घाट चढताना लक्षात आलं, जी वळणं पूर्वी तिसऱ्या गिअरमध्ये निघायची ती आता दुसरा मागताहेत. आवाज वाढला होता, ओढ कमी झाली होती. किती कमी, ते सांगायला माझ्याकडे काही नव्हतं, कारण आधीचा आकडाच नव्हता.

दुसऱ्यांदा केलं ते डायनोवर, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, मोजून केलं. कसं, ते पायरीपायरीने सांगतो. आणि अपेक्षा आधीच जमिनीवर आणतो: टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) नसलेल्या छोट्या पेट्रोल गाडीत नुसत्या सायलेन्सरने दोन-तीन टक्के ताकद वाढली तरी चांगलं काम झालं म्हणायचं.

गाडीखाली काय असतं

इंजिनाला चिकटून मॅनिफोल्ड. त्याच्या लगेच पुढे, हल्लीच्या गाड्यांत जवळजवळ त्याच्यातच, धुरातले विषारी वायू कमी करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. सगळे त्याला 'कॅट' म्हणतात. कॅटच्या आधी एक आणि नंतर एक ऑक्सिजन सेन्सर. मग इंजिनाची हालचाल सोसणारा जाळीदार फ्लेक्स पाइप, मधला छोटा डबा म्हणजे रेझोनेटर, मागचा मोठा डबा म्हणजे मफलर, आणि शेवटी टेलपाइप.

नवख्याने हात लावायचा तो कॅटच्या मागच्या भागाला. कॅट काढू नका. १ एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या बीएस-सहा गाड्यांत ते काढलं की मागचा सेन्सर लगेच तक्रार करतो, डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो, पीयूसीला गाडी अडकते, आणि मागच्या सीटवर बसलेल्या आईला त्या वासाने डोकेदुखी होते ती वेगळीच. डिझेलवाल्यांना इतकंच सांगतो की डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी गाळणी, कापून आतून पोकळ करून देणारे भेटतील, त्यांच्याकडे चहासुद्धा पिऊ नका.

रुंद पाइपाचा मोह

'इंजिनला बॅकप्रेशर लागतं' असं प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकाल. मागचा दाब इंजिनाला कधीच नको असतो. त्याला हवा असतो वेग. जळलेला वायू पाइपातून सलग वाहत नाही, एकेका सिलिंडरच्या धक्क्याने येतो. एक धक्का वेगाने पुढे गेला की त्याच्या पाठीमागे दाब घटतो आणि तो पुढच्या सिलिंडरमधला वायू ओढून घेतो. कुळागरातला पाट आठवा. अरुंद पाटात पाणी खळाळत पोफळींच्या मुळाशी पोचतं. तोच पाट दुप्पट रुंद खणा, तेवढंच पाणी मध्येच रेंगाळतं. माझ्या अडीच इंची पाइपाने तेच केलं होतं. ६००० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) त्याचा उपयोग झाला असेलही, पण घाटात आपण २००० ते ३००० मध्ये असतो.

टर्बो नसलेल्या १.२ ते १.५ लिटरच्या इंजिनाला पावणेदोन ते दोन इंची पाइप पुरतो. टर्बो गाडीत गणित वेगळं: टर्बाइनच्या पुढे वाट जितकी मोकळी तितकं चांगलं, म्हणून तिथे सव्वादोन-अडीच इंच चालतो. पण तिथेही खरी वाढ ईसीयूच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या, रीमॅपने (त्यातले आकडे बदलून) येते, पाइप फक्त त्याला जागा करून देतो.

दुसरा त्रास घुमण्याचा. चार सिलिंडरच्या इंजिनात ३००० आरपीएमला सेकंदाला १०० धक्के बसतात, म्हणजे १०० हर्ट्झचा सूर. रेझोनेटर काढून टाकला की हा सूर केबिनमध्ये भरतो आणि पणजी ते मडगाव जाईपर्यंत कान बधिर होतात. म्हणून रेझोनेटर ठेवा. ठेवूनही घुमलंच, तर बंद तोंडाची एक फांदी मुख्य पाइपाला जोडतात. तिची लांबी त्या सुराच्या तरंगलांबीच्या एक चतुर्थांश. गरम वायूत आवाज सेकंदाला साधारण साडेचारशे मीटर धावतो, तेव्हा १०० हर्ट्झसाठी ही फांदी एक-सव्वा मीटरची होते. छोट्या गाडीखाली ती बसवायला जागा सापडणं कठीण, त्यापेक्षा रेझोनेटर बरा.

कायद्याचं

काटेकोर वाचलं तर कंपनीने प्रमाणित केलेल्या तपशिलाशी विसंगत बदल रस्त्यावरच्या गाडीत करता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ तेच सांगतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. कलम १८२-अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आवाज आणि धुराच्या मर्यादा मोडल्या तर कलम १९० खाली पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स बाद होऊ शकतं. वॉरंटी आणि विम्याचा दावा अडकू शकतो तो निराळा.

माझं मत: गंजलेल्या सायलेन्सरच्या जागी चांगल्या पोलादाचा, मूळ आवाजाच्या जवळ राहणारा बसवणं हे एक, रात्री अकराला वाड्यावरून गडगडत जाणारा बसवणं हे दुसरं. या लेखातलं सगळं पहिल्यासाठी आहे. मोकळा पाइप हवाच असेल तर तो ट्रॅकवर वापरायचा.

पत्रा निवडताना खिशात चुंबक ठेवा

गोव्यात सायलेन्सर बाहेरून सडतो तसा आतूनही सडतो. बाहेरून समुद्राची खारी हवा आणि चार महिने पाऊस. आतून तर खुद्द पेट्रोलचंच पाणी: एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ तेवढंच पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. लांबच्या प्रवासात ते उडून जातं. पण घर ते बाजार, बाजार ते घर अशा दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या असतील तर मागचा डबा तापतच नाही आणि पाणी तळाशी साचून राहतं. सकाळी टेलपाइपातून थेंब पडताना दिसतात ते हेच.

म्हणून ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील घ्या. बाजारात ४०९ सुद्धा 'स्टेनलेस' म्हणूनच विकतात. ते वाईट नाही, कंपन्याही वापरतात, पण किनाऱ्यावर त्याच्यावर लवकर तांबूस थर धरतो. ओळखायची सोपी युक्ती: ४०९ ला चुंबक घट्ट चिकटतं, ३०४ ला जवळजवळ नाही. मी घरच्या फ्रिजवरचं विठोबाचं चुंबक घेऊन दुकानात गेलो होतो. दुकानदार आधी हसला, मग त्याने न सांगता दुसऱ्या मांडणीवरचा पाइप काढला.

बाक तयार घ्या, मँड्रेलवर, म्हणजे पाइपाच्या आत आधाराचा दांडा ठेवून, वाकवलेले. साध्या यंत्रावर वाकवलेल्या पाइपाला आतल्या बाजूने सुरकुत्या पडतात आणि नेमक्या वळणावर पाइप चपटा होतो. दोन इंची पाइप घेऊन वळणावर पावणेदोनच उरला तर पैसे कशाचे मोजले?

वेल्डिंग आर्गॉन वायूचं हवं, हे सगळ्यांना माहीत असतं. अर्धीच गोष्ट माहीत असते. स्टेनलेसची शिवण वितळत असताना आतल्या बाजूलाही आर्गॉन भरलेला लागतो, नाहीतर आतून ती हवेने जळते. आमच्या भागातले जुने वेल्डर खाणीच्या ट्रकांवर आणि बार्जांवर हात बसलेले, जाड पत्र्याचे राजे. माझ्या कामाच्या वेळी मी विचारलं, "काका, आतून गॅस सोडणार ना?"

"अरे, बाहेरून बघ ना शिवण कशी आलीय," काकांनी टॉर्च माझ्या हातात दिला.

बाहेरून ती खरंच सुंदर होती, नाण्यांची ओळ मांडावी तशी. मी पाइपाच्या तोंडातून बोट आत घातलं. करपलेल्या साखरेसारखे काळे, खरखरीत दाणे हाताला लागले. वायूला तिथे अडथळा होतो, आणि तडा तिथूनच सुरू होतो. काकांना बोट घालायला सांगितलं, ते काही बोलले नाहीत. पाइपाची दोन्ही तोंडं चिकटपट्टीने बंद केली, एका भोकातून नळी घातली आणि पुढच्या सगळ्या शिवणी तशाच मारल्या. तुम्हीही पहिली शिवण झाली की बोट घाला. अर्थात थंड झाल्यावर.

फ्लँज लावून घ्या

हा या लेखातला सर्वांत उपयोगी सल्ला. नवीन पाइप गाडीला कायमचा वेल्ड करू नका. कॅटच्या मागच्या मूळ जोडापाशी आणि मध्ये एकदा, असे फ्लँज, म्हणजे नट-बोल्टने जुळणाऱ्या जाड चकत्या, ठेवा. सगळं दोन तुकड्यांत सुटलं पाहिजे आणि मागची सीट पाडून गाडीत मावलं पाहिजे. कारण: डायनोची सोय पुणे, मुंबई, बंगळुरूसारख्या शहरांत असते, आणि जुन्या-नव्याची तुलना एकाच दिवशी, एकाच डायनोवर झाली तरच तिला अर्थ. महिन्याच्या अंतराने दोन वेगळ्या डायनोंवर काढलेले आकडे एकमेकांशी जुळवून बघू नयेत. दोन यंत्रांत पाच टक्क्यांचा फरक सहज पडतो, आणि आपण शोधतोय दोन टक्के.

घरी एकदा बसवून बघा. आदल्या रात्री जुन्या बोल्टांवर गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. किनाऱ्यावरच्या गाड्यांचे बोल्ट फिरण्याऐवजी तुटतात. इंजिन पूर्ण थंड हवं. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावा. सायलेन्सर टांगणाऱ्या हँगरचे रबर साबणाच्या पाण्याने निसटतात. सेन्सर काढावा लागलाच तर आधी त्याचं सॉकेट सोडा, नाहीतर वायर पिळली जाते. गाडीवरच वेल्डिंगचा टाका मारायचा असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

बसवताना सगळे बोल्ट आधी सैल, मग पाइप सरळ करून पुढून मागे आवळत जायचं. प्रत्येक जोडाला नवीन गॅस्केट. पाइप आणि ब्रेकची नळी, पेट्रोलची टाकी, बंपर यांत दोन बोटं तरी अंतर ठेवा आणि कंपनीचे उष्णतारोधक पत्रे काढून फेकू नका. मग चारजण बसवून गावातल्या सर्वांत उंच स्पीडब्रेकरवरून गाडी काढा. गोव्यात तो शोधावा लागत नाही.

गळती तपासायला थंड इंजिन चालू करून एकाने जाड ओल्या फडक्याने टेलपाइप क्षणभर दाबायचा, दुसऱ्याने जोडांवर साबणपाणी मारून बुडबुडे बघायचे. सेन्सरच्या आधी गळती असेल तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, ईसीयू उगाच जादा पेट्रोल ओततो. असली गाडी डायनोवर नेलीत तर पाइपाचा नाही, गळतीचा आकडा घेऊन याल.

मग सगळं काढून जुना सायलेन्सर परत लावा आणि नवा गाडीत टाका.

डायनोवर

जायच्या आधी फोनवर विचारून घ्या: गाडी उचलायची लिफ्ट आहे का, मध्ये दीड तास पाइप बदलायला देतील का, पैसे रनवर (मोजणीच्या एकेका फेरीवर) की तासावर. मी ऐकून घेतलेला नकार फोनवरचा होता, साडेचारशे किलोमीटर गेल्यावरचा नव्हता.

डायनो म्हणजे जमिनीत बसवलेले रोलर. त्यावर गाडीची चालती चाकं, पट्ट्यांनी गाडी बांधलेली, पुढे मोठा पंखा. काही डायनो जड रोलर किती लवकर वेग घेतो त्यावरून ताकद काढतात, काहींत विद्युत ब्रेक रोलरला धरून ठेवतो. तुलनेसाठी दोन्ही चालतात. गाडी गिअर गुणोत्तर एकाच्या जवळचं असेल त्यात चालवतात, पाच गिअरच्या बहुतेक गाड्यांत चौथ्यात. २००० आरपीएमपासून पूर्ण ॲक्सिलरेटर, लाल रेषेपर्यंत.

चाकांवरचा आकडा कंपनीच्या आकड्यापेक्षा कमी येणारच. कंपनी इंजिनाच्या दांड्यावर मोजते. गिअरबॉक्स, बेअरिंगं आणि टायर मिळून पुढच्या चाकांच्या मॅन्युअल गाडीत १० ते १५ टक्के खातात. ८३ पीएसच्या गाडीला चाकांवर ७१ ते ७५ दिसले तर ती ठणठणीत आहे. शीटवर एकक बघा: ८३ पीएस म्हणजे ८२ बीएचपीच्याही किंचित खाली. एकक बदलून 'वाढ' दाखवणारे मी पाहिले आहेत. आलेखाची सत्यता तपासायला एक सूत्र पाठ करा: न्यूटन-मीटर गुणिले आरपीएम, भागिले ७०२४, बरोबर पीएस. ६००० ला ९७ न्यूटन-मीटर असतील तर ८३ पीएस यायलाच हवेत.

आता हवामानाची दुरुस्ती. इंजिनाला लागतो ऑक्सिजन. आपल्याकडे ३२ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर १०१० मिलीबारच्या हवेत ३३ मिलीबार नुसती वाफ असते. एसएई या अमेरिकी अभियंता संस्थेचं प्रमाण धरतं २५ अंश आणि कोरड्या हवेचे ९९० मिलीबार. हिशेब मांडला की गोव्यातला कच्चा आकडा साधारण तीन टक्क्यांनी वाढवावा लागतो. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, हवेचा दाब ९५० च्या आसपास. तिथे दुरुस्ती आठ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे माझी गाडी पुण्यात खरोखरच अशक्त होती, शीटवर ती सशक्त दिसली. खोटेपणा नाही यात, पण दुरुस्त आणि कच्चे दोन्ही आकडे मागून घ्या. टर्बो गाडीत तर कच्चाच जास्त बघा, कारण टर्बो पातळ हवेची भरपाई बरीचशी स्वतःच करतो आणि वरून दुरुस्ती लावली की आकडा फुगतो.

रनच्या आधी टायरमध्ये दाराच्या चिठ्ठीवरची हवा, एसी बंद, ट्रॅक्शन कंट्रोल बंद. पेट्रोल दोन्ही वेळा एकाच टाकीतलं. पहिला रन गरम होण्यासाठी, तो मोजायचा नाही. मग तीन रन. माझे जुन्या सायलेन्सरवरचे: ७०.८, ७१.४, ७०.९ पीएस. पाइप बदलला, पट्टे तेवढेच आवळले, इंजिन पुन्हा त्याच तापमानाला आणलं: ७२.६, ७३.१, ७२.८. सरासरीतला फरक १.८. जुन्याच सायलेन्सरवर रनारनांत ०.६ चा फरक होता, म्हणून १.८ वर विश्वास ठेवता येतो. एकेकच रन काढला असता तर नशिबाने १.२ किंवा २.३ काहीही सांगितलं असतं.

शिखराचा आकडा बघून शीट घडी घालू नका. दोन्ही रेषा एकमेकींवर छापून घ्या आणि तुम्ही गाडी जिथे चालवता तिथे बोट ठेवा. माझ्या शीटवर २५०० च्या खाली दोन्ही रेषा एकमेकींत मिसळलेल्या, ४५०० नंतर नवी वर. चोर्ल्यात काही गमावलं नाही, एवढं मला त्या कागदावरून कळलं.

डायनोला जाणं शक्य नसेल तर

गणित करता येतं, पण हत्यार बारीक लागतं. माणसांसकट १००० किलोची गाडी ६० वरून ८० किलोमीटर वेगाला नेताना तिच्यात १०८ किलोज्यूल ऊर्जा भरते. तिसऱ्या गिअरमध्ये त्याला तीन सेकंद लागले तर सरासरी ३६ किलोवॅट, म्हणजे ४९ पीएस निव्वळ प्रवेगासाठी गेले. दोन टक्क्यांची वाढ म्हणजे ०.०६ सेकंदांचा फरक. हाताने दाबायच्या स्टॉपवॉचला तो दिसत नाही, फोनचा जीपीएस सेकंदातून एकदाच वेग नोंदवतो. सेकंदाला निदान दहा नोंदी घेणारा जीपीएस लॉगर हवा, सपाट मोकळा रस्ता, वेगमर्यादेच्या आत, पहाटे, दोन्ही दिशांनी चार-चार वेळा.

परत आल्यावर

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर थंड गाडीखाली शिरून सगळे बोल्ट पुन्हा आवळा. नवी गॅस्केटं दबतात, त्यामुळे एखाददुसरा सैल झालेला असतोच. पाइप सोनेरी, मग निळसर झाला तर घाबरू नका, स्टेनलेसचा तो उष्णतेचा रंग आहे. पीयूसी नव्याने करून घ्या, जुनी मुदतीत असली तरी. बीएस-चार आणि पुढच्या पेट्रोल मोटारीला आयडलवर (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्याच्या आत यावा लागतो. कॅट शाबूत आणि गळती नसेल तर आकडा त्याच्या कितीतरी खाली येतो.

जुना सायलेन्सर भंगारवाल्याला देऊ नका. गाडी विकताना, विम्याच्या दाव्याच्या वेळी किंवा कुणी अडवलं तर तोच लागतो. आतलं पाणी निथळायला दोन दिवस उन्हात उभा करा, तोंडाला फडकं बांधा म्हणजे उंदीर शिरणार नाहीत. माझा माळ्यावर आहे, सोललेल्या नारळांच्या पोत्याशेजारी, बोल्ट एका डब्यात घालून त्यालाच तारेने बांधलेले.